मिलिंद म्हणजे भुंगा? कोश उघडून पाहू या

नागसेनवनाच्या रस्त्याने आपण शेकडो वेळा गेलो असू. आपल्या समाजातील कितीतरी घरांतला पहिला पदवीधर याच परिसरातून बाहेर पडला. अशा घरातील पाचवी-सहावीच्या मुलाला आज एक काम सांगून पाहा. जरा मोठा मराठी शब्दकोश त्याच्यापुढे ठेवा आणि 'मिलिंद' हा शब्द शोधायला सांगा. शब्द सापडला की त्याच्यापुढे अर्थ दिसेल : भुंगा, भ्रमर.

मूल चक्रावून जाईल. बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यासाठी महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले, आणि त्या नावाचा अर्थ भुंगा? गल्लीत एखादा मिलिंददादा असेल तर ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

कोशाने खोटे सांगितलेले नाही. संस्कृतातून मराठीत आलेल्या मिलिंद या शब्दाचा अर्थ भुंगाच आहे. पण महाविद्यालयाचे नाव पडले ते मिनँडर या ग्रीक राजावरून. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणाऱ्या या राजाला पाली ग्रंथात मिलिंद म्हटले आहे. राजा अवघडात अवघड प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन त्यांची उत्तरे देतात, असा 'मिलिंद पञ्ह' हा ग्रंथ आहे. महाविद्यालय मिलिंदाचे आणि परिसर नागसेनांचा, ही जोडी तिथली. आता त्याच मुलाला 'नाग' शोधू द्या. मराठीत नाग म्हणजे फणा काढणारा साप, हे त्याला ठाऊकच आहे. पालीत मात्र नाग म्हणजे साप, नाग म्हणजे हत्ती आणि नाग म्हणजे थोर पुरुषसुद्धा. एका रस्त्यावरच्या दोन पाट्या वाचून मूल भुंगा, साप, हत्ती आणि ग्रीक राजा अशा चौघांना भेटून आले. शिकवणी नाही, फी नाही.

शब्दकोश मुलांच्या हाती द्यावा, आणि त्याची सुरुवात प्राण्यांपासून करावी, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे. पण त्याआधी हे का सांगावेसे वाटले ते सांगतो.

वडील वाळूजला किंवा चिकलठाण्याला कंपनीत, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. आई चार घरची कामे उरकून दिवेलागणीला घरी येते. मुलाला धड्यातला शब्द अडला तर त्याने विचारायचे कोणाला? ज्या घरात आजोबा-पणजोबांपासून शिक्षण आहे, तिथले मूल आतल्या खोलीत जाऊन विचारून येते. आपल्याकडचे मूल शब्द सोडून पुढे जाते. वर्गात विचारावे तर, "एवढेही येत नाही का?" असे कोणीतरी म्हणेल ही धास्ती. मग गाईड येते. गाईडमध्ये त्या धड्याचे दहा शब्द दिलेले असतात, ते पाठ होतात, आणि परीक्षेत अकरावा शब्द आला की मूल पुन्हा गप्प. ही गप्प बसण्याची सवय आठवी-नववीपर्यंत अंगात भिनते आणि मग आपण म्हणतो, पोराचे अभ्यासात लक्ष नाही. ज्याला स्वतः शब्द शोधता येतो त्याला कोणासमोर ओशाळे व्हावे लागत नाही. कोश कोणाला हसत नाही.

प्राणीच का, असे एखादी माउली विचारील. कारण प्राणी मुलाला आधीच माहीत असतात. अनोळखी शब्द अनोळखी पुस्तकात शोधणे म्हणजे अंधारात सुई शोधणे. कावळा, कुत्रा, कासव हे शब्द कोठे ना कोठे असणारच, याची मुलाला खात्री असते. त्यामुळे सारे लक्ष कोश कसा लावला आहे इकडे देता येते.

कासव पुढे, काळवीट मागे

कागदाच्या आठ चिठ्ठ्या करा. त्यांवर लिहा : कोल्हा, कासव, कुत्रा, काळवीट, कबूतर, किडा, कावळा, करकोचा. आता त्या कोशाच्या क्रमाने लावायच्या. पहिल्या खेपेला बहुतेक मुले कावळ्याला कबुतराच्या आधी बसवतात. त्यांना सांगावे की बिनमात्रेचा 'क' पूर्ण संपल्याशिवाय 'का' सुरूच होत नाही. म्हणून आधी कबूतर, मग करकोचा. 'का' संपल्यावर 'कि', मग 'की', मग 'कु' अशी आपली बाराखडी चालते. पहिलीत पाठ केलेली बाराखडी इथे पहिल्यांदा कामाला येते. ती कशासाठी घोकली होती, हेही मुलाला तेव्हाच कळते.

खरी गंमत कासव आणि काळवीट यांच्यात आहे. मुले काळवीट आधी ठेवतात, कारण त्यांना 'ळ' हा 'ल' चा भाऊ वाटतो. पण आपल्या वर्णमालेत 'ळ' बसला आहे 'ह' च्याही पुढे. म्हणून कोशात कावळा, मग कासव, आणि सर्वांत शेवटी काळवीट. काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावते, आपल्या देशातील अतिशय वेगवान प्राण्यांत त्याची गणना होते, आणि कोशात मात्र कासवाने त्याला मागे टाकले! ससा तर पार 'स' मध्ये पडला. ही शर्यत ज्या मुलाने एकदा लावली, ते 'ळ' ची जागा जन्मात विसरणार नाही.

जोडाक्षराची जागा मात्र मुद्दाम सांगावी लागते. 'क्रौंच' हवा असेल तर 'कौ' संपल्यावर पुढे जायचे. 'क्ष' काही कोशांत 'क' च्या पोटात असतो, काहींत 'ज्ञ' सोबत अगदी शेवटी. अनुस्वाराचेही तसेच. मांजर, मुंगी, विंचू, कोंबडी, उंदीर हे सगळे डोक्यावर टिंब घेऊन बसलेले प्राणी एका कोशात एके ठिकाणी तर दुसऱ्यात दुसऱ्या ठिकाणी मिळतात. कोशाच्या प्रस्तावनेत हा क्रम दिलेला असतो. ती दोन पाने कोणीच वाचत नाही. पालकांनी ती एकदा वाचावीत.

माशांचे घर कोणते?

खरी अडचण याच्या पुढे आहे. धड्यात शब्द येतो 'मुंगसाने', 'बेडकाला', 'म्हशीच्या', 'सशांनी'. मूल कोशात 'मुंगसाने' शोधते, मिळत नाही, आणि कोश मिटून ठेवते. कोशात शब्द घरच्या कपड्यांत असतो, वाक्यात तो बाहेरचे कपडे घालून येतो, असे आम्ही मुलांना सांगतो. मुंगसाने याचे घरचे रूप मुंगूस. बेडकाला याचे बेडूक. म्हशीच्या याचे म्हैस. सशांनी याचे ससा. इंग्रजी शाळेतल्या मुलांना तर हे फारच जड जाते, कारण इंग्रजीत नाम इतके रूप बदलत नाही.

यात एक शब्द मुलांना हटकून अडवतो. 'माशांचे' याचे घर कोणते? कोणी म्हणते मासा, कोणी म्हणते माशी. लिहिताना फरक आहे, माशाचे अनेकवचन 'माशांचे' आणि माशीचे 'माश्यांचे'. बोलताना मात्र दोन्ही सारखेच ऐकू येते. मग वाक्याकडे बघायचे. गळाला लागले असतील तर मासे, गुळावर बसल्या असतील तर माश्या. शब्दाचा अर्थ वाक्य ठरवते, ही गोष्ट व्याकरणाच्या तासाला समजत नाही ती गुळावरच्या माशीने समजते.

शब्द सापडला की त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत पु., स्त्री. किंवा न. असे छापलेले असते. मुले ते सोडून देतात, आणि तिथेच मोठा खेळ हुकतो. तो गरुड, ती घार, ते घुबड. तिघेही शिकारी पक्षी, तिघांतही नर आहेत आणि माद्याही आहेत. मग घार तेवढी नेहमी बाई कशी, आणि घुबड न धड इकडे न तिकडे कसे? तो ढेकूण, ती मुंगी, ते झुरळ. मुलांना तीन रकाने आखून द्या आणि तीस प्राणी भरायला सांगा. शब्दाचे लिंग वेगळे आणि प्राण्याचे नर-मादी असणे वेगळे, हे त्यांचे त्यांनाच उमगते. आणि घरात एखादा शब्द कोणी वेगळ्या लिंगाने वापरत असेल तर वादही रंगतो. वाद रंगू द्यावा, निकाल कोशाने द्यावा.

आणखी एक खूण 'ल.' अशी असते, म्हणजे लाक्षणिक अर्थ. गाढव या शब्दापुढे प्राण्याचा अर्थ आधी आणि मूर्ख माणूस हा लाक्षणिक अर्थ नंतर येतो. आपण रागाच्या भरात मुलांना जी प्राण्यांची नावे ठेवतो ती सगळी त्यांना कोशात सापडणार आहेत, याची पालकांनी तयारी ठेवावी. खडकाळ चढावर ओझे घेऊन न घसरता चालणारे हे जनावर मूर्ख कसे, असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला तर तिला काय उत्तर द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

मांजर नसलेली मांजरे

कोश सगळेच सांगतो असे नाही. पुष्कळ शब्दांपुढे नुसते 'एक पक्षी' किंवा 'प्राणिविशेष' एवढेच असते. हे उत्तर म्हणजे पाहुण्याने घर विचारावे आणि आपण 'गावात आहे' म्हणावे तसे. अशा वेळी मुलाला पुढच्या दारापर्यंत नेले पाहिजे. ते दार म्हणजे विश्वकोश. वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. त्याच मंडळाने मुलांसाठी कुमार विश्वकोशही काढला आहे, त्यात जीवसृष्टीचा भाग आहे. शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो, विश्वकोश त्या वस्तूची माहिती सांगतो. हा फरक मुलाला एकदा दाखवला की झाले.

दाखवायला खवले मांजर फार चांगले. हे नाव शोधताना 'ख' उघडावा की 'म', इथपासून विचार करावा लागतो. आणि शोधून काढल्यावर कळते की ते मांजर नाहीच! त्याच्या तोंडात एकही दात नाही. लांब चिकट जिभेने ते मुंग्या आणि वाळवी टिपते. अंगावरचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात, आणि संकट आले की ते अंगाचे वेटोळे करून पडून राहते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वरच्या दर्जाचे संरक्षण आहे. पाणमांजरही मांजर नव्हे, आणि उदमांजराचे कुळ वेगळेच. नीलगाय गाय नाही, ती हरणांच्या गोतातली. देवमासा मासा नाही, तो पिलांना दूध पाजतो. पाणघोडा घोडा नाही. वटवाघूळ उडते, तरी पक्षी नाही. तेही पिलाला दूध पाजते, आणि दूध पाजणाऱ्या प्राण्यांत खऱ्या अर्थाने उडणारे तेवढेच. नावावर विसंबू नये, आत काय आहे ते तपासावे, ही सवय मुलाला लागली तर ती प्राण्यांपुरती राहणार नाही.

एकाच नावाची अनेक बिऱ्हाडे असतात, हेही इथेच कळते. प्रत्येक वर्गात एखादा तरी रोहित असतोच. 'रोहित' कोशात शोधा. त्याचा अर्थ तांबडा. एका माशाचे आणि एका जातीच्या हरणाचेही ते नाव. आणि हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर येणारा उंच पायांचा गुलाबी पक्षी, तोही रोहित. काही जण त्याला अग्निपंख म्हणतात. जायकवाडीचा तो परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्या पक्ष्याचा गुलाबी रंग उपजत नसतो. तो खातो त्या शेवाळातून आणि बारीक जलजीवांतून अंगात येतो. पिले करड्या रंगाची असतात. वर्गातल्या रोहितला हे सांगितले की तो दिवसभर खूश.

आजीचा हल्या

आता जी गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, ती. आपल्या घरांत प्राण्यांचे शब्द पुस्तकापेक्षा जास्त असतात, कमी नाहीत. पुस्तकात गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू येते. गावाकडून आलेल्या आजीला विचारा. ती गोऱ्हा आणि कालवड वेगळे सांगेल, वगार आणि पारडू वेगळे सांगेल, रेड्याला हल्या म्हणेल, नीलगाईला रोही म्हणेल. रोही पिकात शिरली की काय होते तेही सांगेल, ते तर कोणत्याच कोशात नाही. आणि हेच शब्द घेऊन नातू शाळेत गेला, विंचवाला 'इच्चू' म्हणाला, की वर्गात हशा पिकतो. त्या हशामुळे किती मुले बोलायची थांबली याची कोठे नोंद नाही.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्यात पुष्कळ शब्दांपुढे कंसात वऱ्हाडी, खानदेशी, कोकणी, नागपुरी अशा प्रदेशांच्या खुणा आहेत. म्हणजे ज्यांनी हा कोश केला त्यांनी गावोगावचा शब्द उचलला आणि त्याची नोंद केली. घरचा शब्द छापील पुस्तकात पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते एकदा पाहावे. आणि एखादा शब्द नाहीच सापडला, तर मुलाला वही द्या. आजीचा शब्द, त्याचा अर्थ, आजीने तो ज्या वाक्यात वापरला ते वाक्य, आणि तिच्या गावाचे नाव लिहू द्या. कोश करणारे लोकही हेच करतात.

खुद्द बाबासाहेबांनी पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केले होते. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या मालेतील १६ वा खंड म्हणून ते १९९८ साली प्रसिद्ध केले. आपल्या कामाच्या डोंगरातून वेळ काढून त्यांनी शब्द जमवले, यावरून कोशाची किंमत त्यांना किती होती ते दिसते. पालीतली प्राण्यांची नावे मुलांपुढे ठेवली तर त्यांना ती परकी वाटत नाहीत. हत्थी, मक्कट, व्यग्घ, महिस, मच्छ, विच्छिक. मोठ्याने म्हटले की हत्ती, माकड, वाघ, म्हैस, मासा, विंचू समोर उभे राहतात. मोर तर पालीतही मोरच! 'हत्ती' हा आपला शब्द संस्कृत 'हस्तिन्' पेक्षा पाली 'हत्थी' ला किती जवळचा आहे, हे मूल कानानेच ओळखते.

सहल अजिंठ्याला जाणार असेल तर ही वही बरोबर असावी. सतराव्या लेण्यात जातककथांमधले हत्ती, हंस, माकडे, हरणे भिंतीवर आहेत. छद्दंत हत्तीची कथा दहाव्या लेण्यातही आहे. 'छद्दंत' फोडून पाहा : छ म्हणजे सहा, दंत म्हणजे दात. सहा सुळ्यांचा हत्ती. कथेत असतो, रानात नसतो. खऱ्या हत्तीचे सुळे मात्र दातच असतात, वरच्या जबड्यातले पुढचे दात वाढून झालेले. म्हणजे दंत हा शब्द अगदी बरोबर. आपल्याकडच्या हत्तिणीला असे बाहेर दिसणारे सुळे बहुधा नसतात. गाईडने कथा सांगितली की मुलांनी एवढे विचारून बघावे.

कोश आणायचा कोठून, हा प्रश्न उरतो. शाळकरी मुलांसाठी लहान मराठी कोश औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतात. घेताना 'करकोचा', 'साळिंदर' आणि 'घोरपड' हे तीन शब्द शोधून पाहावेत. तिन्ही नसतील तर तो कोश ठेवून द्यावा. मोठे कोश एकट्या कुटुंबाला परवडणारे नाहीत. जयंतीच्या वर्गणीत ध्वनिक्षेपकाचा एक कर्णा कमी लावला तर विहारात मोठा कोश येऊ शकतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरहून आपण पिशव्या भरभरून पुस्तके आणतो. त्यात एक कोश असावा. मोबाईल असेल तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मराठी विश्वकोशही तसाच वाचता येतो. फक्त जुन्या कोशांत जुने शुद्धलेखन असते. 'नाव' चे 'नांव', 'पाच' चे 'पांच' असे जास्तीचे अनुस्वार दिसतात, ते आज लिहू नयेत. आणि मोबाईलवर शब्द टाकला की उत्तर थेट येते, शेजारचे शब्द दिसत नाहीत. कागदाच्या कोशात 'मुंगूस' शोधताना मुंगी, मुंडी, मुंढा असे चार शब्द वाटेत भेटतात. सुरुवात कागदावर व्हावी, असे आम्हाला वाटते ते यासाठी.

बालमित्रांनो, या आठवड्यात एवढे शोधा. शशिकांत या नावात कोणता प्राणी लपला आहे, आणि त्याचा चंद्राशी काय संबंध? 'हरी' या शब्दाचे किती प्राणी अर्थ आहेत? 'सारंग' या नावाचे किती? तारामासा मासा आहे का? 'छावा' कोणाकोणाच्या पिलाला म्हणतात? आणि 'टोणगा' म्हणजे काय, हे आधी आजीला विचारा, मग कोशात बघा. दोघांचे उत्तर जुळते का ते वहीत लिहा.